केबल तुटली, तर जहाज कोणाचे?

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ लाल समुद्राच्या तळाशी दोन केबल तुटल्या. एक सी-मी-वी ४, दुसरी आय-मी-वी. दोन्ही मुंबईला येऊन मिळतात. भारत, पाकिस्तान आणि आखाती देशांत इंटरनेट मंदावले. मायक्रोसॉफ्टने ग्राहकांना कळवले, की मध्यपूर्वेतून जाणारी रहदारी दुसऱ्या मार्गाने वळवली आहे, विलंब जाणवेल. केबल उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्यापारी जहाजाच्या नांगराची शक्यता बोलून दाखवली. बातमी दोन-तीन दिवस चालली आणि विरली. दुरुस्तीला जाणारे जहाज कुठल्या देशाचे, ते कुठल्या बंदरातून निघणार, कोणाच्या परवानगीसाठी थांबणार आणि या सगळ्यात भारताच्या शब्दाला किती वजन, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही.

आंतरराष्ट्रीय संबंधांत माहिती-तंत्रज्ञानाचा विषय निघाला की बोलणे लगेच सायबर हल्ले, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाजमाध्यमांवरच्या अपप्रचाराकडे वळते. ते विषय खरेच गंभीर आहेत. पण खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून अधिक डेटा आजही समुद्रतळावरच्या काचेच्या तंतूंतून जातो. दूतावासाचा सांकेतिक संदेश, बँकेचा व्यवहार, आखातातल्या गोंयकाराचा घरी केलेला व्हिडिओ कॉल, सगळे त्याच तंतूंतून. माझे म्हणणे असे, की ज्या देशाला आपली केबल आपल्या जहाजाने जोडता येत नाही, त्याच्या डिजिटल सार्वभौमत्वाला पाया नाही. भारताला स्वतःच्या झेंड्याखालचे दुरुस्ती-जहाज हवे, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा त्याचा तळ गोव्यातल्या मुरगाव बंदरात असावा.

गोव्याला हा विषय नवा नाही. आपल्या गेल्या शतकाच्या इतिहासात दळणवळणाचे साधन कोणाच्या हातात आहे यावर बरेच काही ठरले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून जर्मनीची एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि इटलीचे आन्फोरा ही जहाजे मुरगावात आसऱ्याला होती. एहरेनफेल्सवरच्या छुप्या ट्रान्समीटरमधून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांच्या जागा जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा निष्कर्ष होता. तटस्थ बंदरात उघडपणे सैन्य पाठवणे शक्य नव्हते. म्हणून ९ मार्च १९४३च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पलटणीच्या वयस्क स्वयंसेवकांनी एका बार्जमधून येऊन त्या जहाजावर हल्ला केला. एका रेडिओसाठी तटस्थतेचा भंग करायला एक साम्राज्य तयार झाले.

२५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेलगतच्या जंगलातून कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये गोवामुक्तीचा आवाज प्रसारित करत होते. पोर्तुगीज सेन्सॉरचा पहारा कागदावर चालत होता, ध्वनिलहरींपुढे तो हतबल होता. पुढे १४ डिसेंबर १९६१ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा शेवटपर्यंत लढण्याचा आदेश गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना मिळाला. चार दिवसांनी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे वायरलेस केंद्र उद्ध्वस्त केले. लिस्बनशी संपर्काचा भार अफोन्सो द आल्बुकर्क या युद्धनौकेच्या रेडिओवर आला आणि तीही त्याच दिवशी निकामी झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नरांनी शरणागती पत्करली. लष्करी ताकदीचे पारडे मुळातच विषम होते, हे खरे. तरीही राजधानीचा आवाज बंद झाल्यावर जागेवरचा माणूस स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतो, हे बांबोळीइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

समुद्रातल्या तारेचे राजकारण याहून जुने आहे. १८७० साली ग्रेट ईस्टर्न या जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली आणि लंडनचा संदेश मुंबईला महिन्याऐवजी काही तासांत येऊ लागला. पहिले महायुद्ध सुरू होताच, ५ ऑगस्ट १९१४ला, अलर्ट या ब्रिटिश केबल-जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या तारा तोडल्या. त्यानंतर जर्मनीला दूरचे संदेश रेडिओने किंवा इतरांच्या तारांवरून धाडावे लागले. १९१७ची झिमरमन तार, म्हणजे जर्मन परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोपुढे ठेवलेला युतीचा प्रस्ताव, ब्रिटनच्या हाती लागली ती अशा परक्या तारेवरून गेल्यामुळे, आणि तिने अमेरिकेला युद्धाच्या आणखी जवळ आणले. अलर्ट हे मुळात तार टाकणारे आणि सांधणारे जहाज होते. जे सांधू शकते ते तोडूही शकते, आणि म्हणून ते ज्याच्याकडे आहे त्याला वजन आहे.

आजची केबल हातात घेतली तर विश्वास बसत नाही. खोल समुद्रातली केबल बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी, साधारण १७ ते २१ मिलिमीटर जाडीची. मधोमध केसासारखे काचतंतू, त्यांच्या जोड्या असतात, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. भोवती पोलादी तारा, तांब्याची नळी आणि बाहेर पॉलिथिनचे जाड आवरण. किनाऱ्याजवळ नांगर आणि जाळ्यांची भीती असते, म्हणून तिथे पोलादी तारांचे एक-दोन पदर आणखी चढवतात आणि जाडी ५० मिलिमीटरपर्यंत जाते. प्रकाश वाटेत क्षीण होतो, त्यामुळे दर ६० ते १०० किलोमीटरवर त्याला पुन्हा जोर देणारा एक रिपीटर लागतो. रिपीटरला वीज केबलच्याच तांब्याच्या नळीतून मिळते: सुमारे १ अँपिअरचा स्थिर प्रवाह, आणि लांब केबलला दोन्ही टोकांकडून मिळून १० हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तंतू शाबूत असले तरी आवरणाला चीर गेली आणि तांब्याला खारे पाणी लागले, तर वीज समुद्रात उतरते आणि रिपीटर बंद पडण्याची वेळ येते. केबल दोन तुकडे झाली तरच ‘तुटली’ असे नसते.

जगात वर्षाला १५० ते २०० बिघाड होतात. त्यातले ७० ते ८० टक्के मासेमारीच्या अवजारांनी आणि जहाजांच्या नांगरांनी होतात. शत्रूची पाणबुडी कात्री घेऊन येते, हे चित्र वाचायला थरारक असले तरी रोजचे नाही. रोजचे आहे ते ट्रॉलच्या जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या तळावरून खरवडत जाणे, आणि वाऱ्यात नांगर धरला नाही म्हणून जहाज तो ओढत नेणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यात जायबंदी झालेले रुबिमार हे मालवाहू जहाज नांगर ओढत वाहत राहिले आणि लाल समुद्रात तीन केबल तुटल्या. युद्धाचा फटका होता, पण तारेवर वार झाला तो नांगराचा.

बिघाड झाल्यावर काय होते, ते सविस्तर पाहिले पाहिजे, कारण परराष्ट्र खात्याचे काम तिथेच सुरू होते. पहिल्या काही मिनिटांत यंत्रे आपसूक मार्ग बदलतात. लाल समुद्र बंद, तर मुंबईचा डेटा चेन्नई-सिंगापूरकडून आणि पुढे प्रशांत महासागराला वळसा घालून जाऊ लागतो. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दर हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंद. वळसा दहा-पंधरा हजार किलोमीटरचा असेल तर जाऊन-येऊन शंभर-दीडशे मिलिसेकंद वाढतात. ई-मेलला फरक पडत नाही. पण त्या वाटेवर आधीच गर्दी असते, आणि ज्या कंपनीने पर्यायी मार्गावरची क्षमता आगाऊ विकत घेतलेली नसते तिचे ग्राहक अडकतात.

दरम्यान किनाऱ्यावरच्या केबल स्टेशनात अभियंते जागा शोधतात. तंतूत प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि परतीचा क्षीण प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते मोजायचे. विजेचा दाब मोजून दुसरा अंदाज काढायचा. दोन्ही जुळले की ठिकाण हाती येते. मग जहाजाला निरोप. जहाज आधी डेपोतून सुटी केबल, रिपीटर आणि जॉइंटचे साहित्य चढवते. केबल कोणत्या कंपनीने बनवली यावर जॉइंट अवलंबून असतो. वेगवेगळ्या बनावटीच्या केबल जोडता याव्यात म्हणून युनिव्हर्सल जॉइंट नावाची पद्धत आहे आणि ती शिकलेले, प्रमाणपत्र घेतलेले जॉइंटरच ते काम करू शकतात. असे कारागीर जगात मोजके आहेत. तयार व्हायला वर्षे लागतात.

जागेवर पोचल्यावर जहाज लांब दोरखंडाला बांधलेला आकडा तळावरून ओढते. उथळ पाण्यात हे काम पाण्याखालचा रोबो करतो. तळावर पसरलेली केबल ताणलेली असते, तिला पृष्ठभागापर्यंत उचलण्याइतका ढिलावा नसतो. म्हणून खोल पाण्यात ती आधी मुद्दाम तोडतात. एक टोक वर घेतात, त्या बाजूची चाचणी करतात, टोक बंद करून बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, बांधून समुद्रात सोडतात. मग दुसरे टोक शोधतात, खराब भाग कापून काढतात, नवी केबल जोडतात आणि ती सोडत सोडत बोयापर्यंत येतात. शेवटचा जॉइंट तिथे होतो. तंतू एकेक करून वितळवून सांधायचे, भोवती पॉलिथिन ओतायचे, त्यात हवेचा बुडबुडा राहिला का ते क्ष-किरणांनी बघायचे. एका जॉइंटला अर्धा ते एक दिवस जातो, आणि तेवढा वेळ जहाजाने जागा सोडायची नाही. अडीच हजार मीटर खोलीवर दुरुस्ती केली तर निदान पाच किलोमीटर केबल जास्तीची घालावी लागते, कारण दोन्ही टोके वर येऊन पुन्हा खाली जायची असतात.

आता अरबी समुद्रातला जून ते सप्टेंबर डोळ्यांसमोर आणा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर मालिम आणि कुटबणच्या जेटीला बांधलेले असतात. म्हणजे समुद्र रिकामा, पण नैऋत्य मोसमी वाऱ्यात जहाजाला जागेवर स्थिर राहणेच अवघड. मेअखेरीस झालेल्या बिघाडाला जहाज दहा दिवस उशिरा आले, तर पुढचे काही आठवडे हवामानाच्या खिडकीची वाट पाहण्यात जाऊ शकतात. जवळ जहाज असण्याचे मोल इथे कळते.

खरा वेळ जातो तो परवानग्यांत. १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचे पूर्ण सार्वभौमत्व. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात इतरांना केबल टाकण्याचे आणि सांभाळण्याचे स्वातंत्र्य आहे. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात बहुतेक देश दोन्हीकडे परवाना मागतात. रुबिमारने तोडलेल्या केबलची दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडली, कारण येमेनात सत्ता दोन, सही कोणाची घ्यायची हाच वाद. एकाची घेतली तर दुसरा जहाजावर क्षेपणास्त्र सोडण्याची भीती, आणि विमा कंपन्यांचे हप्ते वेगळेच.

येमेनकडे बोट दाखवताना आपले घरही तपासावे. भारतीय पाण्यात दुरुस्ती करायची तर परदेशी जहाजाला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, खलाशांसाठी गृह खात्याची मंजुरी, संरक्षण खाते व नौदलाची संमती, जहाजावरच्या सुट्या केबलसाठी आणि इंधनासाठी सीमाशुल्काचे कागद. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जून २०२३ मध्ये केंद्राला केलेल्या शिफारशींत ही सगळी दुखणी मांडली आहेत. त्या वेळी भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ स्टेशनांवर उतरत होत्या, आणि ती स्टेशने मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. दुरुस्तीसाठी आपण सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या कंपन्यांच्या जहाजांवर अवलंबून आहोत, भारतीय झेंड्याचे जहाज हवे, करात सूट हवी, असे प्राधिकरणाने स्पष्ट म्हटले. सप्टेंबर २०२४ मध्ये क्वाडच्या (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या गटाच्या) विल्मिंग्टन घोषणेत दुरुस्ती-क्षमता वाढवण्याच्या शक्यतेचा अभ्यास भारताने हाती घेतल्याची नोंद आहे. अभ्यास जरूर व्हावा. पण जहाज बांधायला तीन-चार वर्षे लागतात आणि जॉइंटर घडवायलाही तेवढीच. अभ्यासानंतर सुरुवात करायची म्हटली तर दशक संपेल.

इतरांनी काय केले ते पाहा. अमेरिकेने दोन अमेरिकी झेंड्याची केबल-जहाजे सज्ज ठेवण्यासाठी दर जहाजामागे वर्षाला ५० लाख डॉलर देण्याची योजना कायद्याने आखली. जहाजे खासगी, पण संकटात सरकारच्या हाकेला बांधलेली. फ्रान्सने २०२४ मध्ये अल्काटेल सबमरीन नेटवर्क्स ही केबल बनवणारी, टाकणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी नोकियाकडून ८० टक्के हिस्सा घेऊन सरकारच्या ताब्यात आणली. तिसरा नमुना ब्रिटनचा. ब्रिटनने तयार जहाज विकत घेऊन प्रोटियस नावाने नौदलाच्या सेवेत आणले, पण त्याचे काम मुख्यतः समुद्रतळावर नजर ठेवण्याचे आहे. नजर ठेवणे आणि जोडणे या दोन वेगळ्या कला आहेत, आणि आपल्याला आधी दुसरी हवी. तिघांत मला अमेरिकी नमुना भारताला जास्त मानवेल असे वाटते.

चीनचा मुद्दा इथे येतोच. सी-मी-वी ६ या सिंगापूर ते फ्रान्स केबलचे कंत्राट चिनी कंपनीला मिळू नये म्हणून अमेरिकेने सहभागी देशांवर आणि कंपन्यांवर दबाव आणला. कंत्राट अमेरिकी सबकॉमला गेले, चिनी दूरसंचार कंपन्या बाहेर पडल्या. पाकिस्तानातून फ्रान्सला जाणारी पीस केबल चिनी कंपनीने टाकली. कंत्राटाच्या या लढायांवर पुष्कळ लिहिले जाते. दुरुस्तीकडे मात्र लक्ष कमी, आणि केबल पंचवीस वर्षे चालवायची असते.

जहाज असण्याचा राजनैतिक उपयोग मोठा आहे. जानेवारी २०२२ मध्ये टोंगात ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि त्या देशाची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. ८० किलोमीटरहून अधिक लांबीची केबल नव्याने घालावी लागली आणि संपर्क पूर्ववत व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. पापुआ न्यू गिनीतून आलेल्या एका खासगी जहाजावर सगळा देश थांबला होता. मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, श्रीलंका ही आपल्या शेजारची बेटे. पूर आला की आपली नौदलाची जहाजे तिथे औषधे आणि पाणी घेऊन पोचतात. केबल तुटल्यावर भारतीय झेंड्याचे जहाज पाच दिवसांत तिथे उभे राहिले, तर त्याचा परिणाम कित्येक संयुक्त निवेदनांपेक्षा खोल होईल. त्यासाठी आधीच द्विपक्षीय करार हवेत: आमच्या जहाजाला ठरावीक तासांत तुमच्या पाण्यात परवाना, तुमच्या जहाजाला आमच्या. ओमान, सौदी, इजिप्तशी असा करार करणे हे वाणिज्य नव्हे, परराष्ट्र खात्याचे काम आहे.

बाणावलीत ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स शिखर परिषद झाली. गोवा घोषणापत्रात माहिती-तंत्रज्ञानाचा सुरक्षित वापर, दहशतवाद आणि गुन्ह्यांसाठी होणारा गैरवापर यावर परिच्छेद आहेत. त्याच ब्रिक्सची स्वतःची केबल काढण्याची कल्पना काही वर्षे आधी मांडली गेली होती: रशियातून चीन, चेन्नई, केपटाउनमार्गे ब्राझील, सुमारे ३४ हजार किलोमीटर. ती कधीच झाली नाही. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्रीही बाणावलीतच भेटले. अशा बैठकांना मी निरर्थक मानत नाही, भाषा ठरली की वाटाघाटी सोप्या होतात. पण गोवा फक्त परिषदांचा हॉल म्हणून राहू नये.

मुरगाव का, याचे उत्तर नकाशात आहे. १२ नॉट वेगाने मुंबई एका दिवसाच्या आत, कोची साधारण दीड दिवसावर, लक्षद्वीप त्याहून फार लांब नाही. कोचीहून लक्षद्वीपला गेलेली सरकारी केबल २०२४ पासून चालू आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी जहाजांची इतकी दाटी आहे, की केबल-डेपोला शांत धक्का मिळणे कठीण. वास्कोचे गोवा शिपयार्ड १९५७ साली पोर्तुगीजांच्या काळात सुरू झाले. श्रीलंकेच्या नौदलासाठी त्याने बांधलेली सयुराला आणि सिंदुराला ही गस्ती जहाजे १०५ मीटर लांबीची आहेत, आणि दुरुस्ती-जहाज साधारण याच आकाराचे असते. फरक आत आहे: केबलचे गोल टाके, पुढच्या-मागच्या टोकाला मोठ्या कप्प्या, जागेवर स्थिर ठेवणारी यंत्रणा, जॉइंटसाठी धूळमुक्त खोली. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून याच समुद्राचा अभ्यास करते. सड्यावरचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्राच्या तळाचे नकाशे बनवते. या केंद्राला केबलचे मोल वेगळे सांगायला नको: त्याचे हिमाद्री हे ठाणे आर्क्टिकमधल्या ज्या स्वालबार्ड बेटांवर आहे, तिथून नॉर्वेला जाणाऱ्या दोन केबलपैकी एक ७ जानेवारी २०२२ला निकामी झाली. दुसरी चालू होती म्हणून निभावले.

कोचीचा दावा कमजोर नाही. तिथे मोठे शिपयार्ड आहे, केबल उतरतात. कोचीत दुसरे जहाज ठेवले तर उत्तमच. पण मुंबईत उतरणाऱ्या केबलसाठी पहिले जहाज मुंबईच्या जवळ हवे.

नोकऱ्यांचे गाजर दाखवून हे विकू नये. जहाजावर पन्नास-साठ माणसे आणि डेपोत थोडी, एवढाच पसारा. मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या वाहतुकीविरुद्ध गोंयकार कित्येक वर्षे बोलत आहेत. त्यांना पर्याय म्हणून हा धक्का पुरा पडणार नाही, पण धूळ न उडवणारे, कौशल्याचे आणि देशाला लागणारे काम म्हणून त्याची किंमत आहे. जॉइंटर घडवण्याची शाळा इथे काढली, तर आयटीआयच्या मुलाला जगभर मागणी असलेला हुन्नर मिळेल.

उपग्रह आले आहेत, मग केबलसाठी एवढा खर्च कशाला, असे विचारतात. २आफ्रिका या केबलची आखणी सेकंदाला १८० टेराबिटपर्यंतची आहे. उपग्रहांची क्षमता यापुढे फार तोकडी आहे. आणि उपग्रह म्हणजे स्वावलंबन, हेही खरे नाही. २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवर आक्रमण झाले त्या पहाटे व्हायासॅट कंपनीच्या के-ए-सॅट या उपग्रह-इंटरनेट सेवेवर सायबर हल्ला झाला, हजारो मोडेम निकामी झाले आणि जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रण बंद पडले. नंतर त्याच युद्धात क्रिमियाजवळ स्टारलिंक चालू करायचे की नाही, हे एका कंपनीच्या मालकाने ठरवले. उपग्रह डोंगराळ भागाला आणि आपत्तीत हवेच. मुख्य रस्ता म्हणून नकोत.

केबल खासगी कंपन्यांच्या आहेत, मग जनतेचा पैसा का, ही शंका रास्त आहे. जगभर केबल-मालक एकत्र येऊन जहाज सज्ज ठेवण्याचा वार्षिक खर्च केबलच्या लांबीनुसार वाटून घेतात, आणि प्रत्यक्ष दुरुस्तीचे पैसे वेगळे देतात. भारतीय जहाज याच व्यवस्थेत बसावे. चेन्नई-अंदमान आणि कोची-लक्षद्वीप या केबल सरकारच्याच आहेत, त्यांचा वाटा सरकारने भरावा, आणि आणीबाणीत जहाज आधी कोणाकडे जाईल हे करारात लिहून घ्यावे.

शेवटी मासेमार, ज्यांना या चर्चेत फक्त आरोपी म्हणून आणले जाते. सागरी कायद्याच्या कराराचे ११५ वे कलम म्हणते, की केबल वाचवण्यासाठी ज्याने आपला नांगर किंवा जाळे सोडून दिले, आणि ज्याने आधी योग्य काळजी घेतली होती, त्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी. हे तत्त्व १८८४च्या पॅरिस करारातून आले आहे आणि त्यात पद्धतही दिली आहे: प्रसंग घडताच खलाशांच्या साक्षीने जबानी लिहायची, आणि पहिल्या बंदरात पोचल्यापासून २४ तासांत अधिकाऱ्यांना द्यायची. ट्रॉलरच्या मालकाला हे माहीत नसेल, तर जाळ्यात अडकलेली केबल तो कोयत्याने तोडणार, जाळे लाखांचे असते. मत्स्योद्योग खात्याने जबानीचा एक पानी नमुना मराठीत आणि कोंकणीत छापून मालिम, कुटबण, खारीवाडा आणि शापोरा इथे ठेवावा, आणि भरपाईचा अर्ज कोणाकडे जातो ते त्यावर लिहावे. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला सुरू झालेल्या योजनेत देशभरच्या एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसायचे आहेत, ज्यांवर संदेश येतोही आणि जातोही. वादळाचा इशारा ज्या यंत्रावर येतो त्याच यंत्रावर ‘खाली केबल आहे, जाळे उचला’ हा निरोप देता येतो. त्यासाठी केबल-मालकांनी आपल्या मार्गांचे अचूक आकडे मत्स्य खात्याला द्यावे लागतील. सुरक्षेच्या नावाखाली ते दडवले जातात, पण नांगर टाकणाऱ्यालाच जागा ठाऊक नसेल, तर त्या गुप्ततेने केबल वाचत नाही.